मस्त म्हणायचं नाही

परवा कॉलेजच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी कानाला हेडफोन लावून बसले होते. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलीने वाकून माझ्या फोनच्या पडद्याकडे पाहिलं आणि तिचा घास हातातच राहिला. “मॅडम, तुम्ही हे ऐकता?” शेजारच्या आजोबांना पोलिसांनी धरून नेलं हे कळल्यावर माणूस ज्या सुरात बोलतो, त्या सुरात तिने विचारलं. मी म्हटलं, “ऐकते. का, बंदी आहे?” मग ती बिचारी ओशाळली. म्हणाली, हा बँड तिचाही लाडका आहे, पण पन्नाशीला आलेल्या, रोज साडी नेसणाऱ्या बाईच्या फोनवर तो सापडेल असं वाटलं नव्हतं. मग जरा सावरून तिने विचारलं, “गेल्या काही वर्षांतले तुमचे आवडते अल्बम कुठले?” आणि मी नेहमीच्या सवयीने बोलून गेले, “एक बांगड्याचा, एक तिसऱ्यांचा आणि तो बिरड्याचा.”

तिचा चेहरा बघितला आणि कळलं, आता धुरीभाऊंबद्दल सांगितल्याशिवाय सुटका नाही. सुट्टी तर तेव्हाच संपली. म्हणून जे तिला अर्धवट सांगितलं ते इथे पुरतं सांगते.

रघुनाथ धुरी हे माझे काळाचौकीतले शेजारी. मी मूळची गिरगावची. आई गेली, आमची खोली विकली आणि काळाचौकीत एका चाळीच्या जागी झालेल्या उंच इमारतीत मी एकटी राहायला आले. भिंतीला भिंत लागून धुरी नवरा-बायको. ते त्याच चाळीतले मूळचे, मालवणकडचे. पहिल्याच रविवारी सकाळी, मी नुकता चहा घेऊन बसते न बसते तोच भिंतीपलीकडून ढोल बडवल्यासारखा आवाज सुरू झाला, त्यावर विजेची गिटार आणि त्यावर एक मुलगी इंग्रजीत काहीतरी पुटपुटत होती. मी भावगीतांवर वाढलेली. माझं डोकं फिरलं. पायात चपला अडकवल्या आणि भांडायला गेले.

दार एका साठीच्या गृहस्थाने उघडलं. पांढरा बनियन, चौकडीची लुंगी, केस नीट चापून बसवलेले. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाले, “चपला काढा, बसा. गाणं संपल्यावर भांडू.”

भांडायला आले होते, पण चपला काढल्या. मी बसले. एक गाणं संपलं, भांडायला उठणार तर दुसरं सुरू झालं. त्यांचं बोट पुन्हा ओठांवर. असं करत करत अख्खा अल्बम संपला. आतून बांगडे तळल्याचा वास येत होता. सगळं शांत झाल्यावर ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “हां. काय ऐकलंत ते सांगा.”

मी भांडण विसरून, खरं तर सुटका करून घ्यायला म्हटलं, “मस्त होतं.”

“मस्त म्हणायचं नाही,” भाऊ म्हणाले. “या घरात नियम आहे. मस्त, भारी, छान, एक नंबर, काही चालत नाही. जो म्हणेल त्याने नारळ खवायचा.” आणि स्वयंपाकघराच्या दारातून एक ठेंगणी, हसऱ्या तोंडाची बाई हातात विळी घेऊन खरोखरच आली. त्या सुमनवहिनी. म्हणाल्या, “बस गो बाय. पहिल्या दिवशी सगळेच खवतत.”

अशा रीतीने ज्यांच्याशी भांडायला गेले, त्यांच्याच घरी मी सोलकढीचा नारळ खवून आले. वर बांगड्याचं ताट जेवून आले ते वेगळंच. भिंत एकच आणि घरं दोन, पण त्यानंतर माझा एकही रविवार माझ्या घरात गेला नाही.

भाऊ एका विमा कंपनीत कारकून होते. मी आले त्याच वर्षी निवृत्त झाले. पण त्यांची खरी ओळख काळाचौकी-लालबागमध्ये वेगळी होती. ते बेंजो वाजवायचे. ज्यांनी आमच्याकडची मिरवणूक पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: हा बेंजो म्हणजे तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवलेलं, मांडीवर मावेल एवढं वाद्य. ते विजेवर चालतं आणि हातगाडीवर लादलेल्या मोठमोठ्या भोंग्यांतून पार दुसऱ्या नाक्यापर्यंत ऐकू जातं. भाऊ वयाच्या विशीपासून गणपतीत ते भोंग्यांना टेकून वाजवत आले. त्याच वाद्यासाठी कधीतरी जुना ॲम्प्लिफायर घ्यायला गेले असताना दुकानात एक परदेशी रॉक बँड वाजत होता, आणि ॲम्प्लिफायर तिथेच विसरून ते त्या बँडचं नाव विचारून घरी आले. ही हकीकत वहिनी सांगायच्या. भाऊ फक्त म्हणायचे, “त्या पोराची गिटार माझ्या बेंजोसारखी रडत होती. तेवढंच.”

पुढे फोन आले, सगळ्या जगाची गाणी खिशात आली आणि भाऊंची चैन झाली. जुन्या नावाजलेल्या लोकांत त्यांना रस नव्हता. “ती मोठी माणसं, त्यांना ऐकायला दुनिया आहे,” म्हणायचे. त्यांना हवे असायचे ताजे, आत्ताचे, कोणी न ओळखणारे बँड. इंडी म्हणजे काय, हे मला त्यांनी एका वाक्यात समजावलं होतं. “मोठ्या कंपनीशिवाय, आपल्या आपण गाणी काढणारी पोरं. आपल्या गल्लीतलं मंडळ कसं, वर्गणी काढून, मांडव स्वतः घालून. तसं.” एवढी सोपी व्याख्या मला त्यानंतर कुठल्याच लेखात सापडली नाही.

बँडची नावं मात्र त्यांना उच्चारता येत नसत. वहिनींना तर मुळीच नाही. म्हणून त्या घरात अल्बमला नाव पडायचं ते त्या रविवारी काय शिजलं त्यावरून. मी पहिल्या दिवशी ऐकला तो बांगड्याचा. थंड प्रदेशातल्या कुठल्याशा बंदरावरच्या तीन मुलींचा. गाताना त्या माइकच्या इतक्या जवळ येतात की त्यांचा श्वास ऐकू येतो, आणि एका गाण्यात मागे खुर्ची करकरते ती त्यांनी तशीच ठेवली आहे. भाऊंचा त्या खुर्चीवर फार जीव. बिरड्याचा म्हणजे श्रावणात, मासे बंद असताना, वालाच्या बिरड्यावर ऐकलेला, ईशान्येकडच्या डोंगरातल्या चार मुलांचा. त्यात गिटार पावसाळी कुंद हवेसारखी लांबत जाते आणि गाणारा मुलगा शेवटच्या गाण्यापर्यंत आवाज चढवतच नाही. “श्रावण पाळलाय बघ त्याने,” वहिनी म्हणाल्या होत्या. आणि अँटॉप हिलच्या सरकारी कॉलनीतल्या चार पोरांचा, मराठीत गाणारा, तो कोलंबीचा. त्यांच्याबद्दल पुढे येईलच.

ऐकण्याचे नियम भाऊंनी कुठे लिहून ठेवले नव्हते, पण मोडायची कोणाची टाप नव्हती. अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्याच क्रमाने. मधलं गाणं गाळायचं नाही. “मधेच उठणं म्हणजे भर पंगतीतून उठणं. वाढणाऱ्याला काय वाटेल?” गाणं नाही आवडलं तरी चालेल, पण का नाही ते सांगता आलं पाहिजे. पहिल्या गाण्यावर भुलायचं नाही. “पहिलं गाणं दारात ओवाळायला असतं. घर कसं आहे ते चौथ्या गाण्यात कळतं.” आणि सगळं संपलं की तो प्रश्न: काय ऐकलंस ते सांग. सुरुवातीला मला घाम फुटायचा. काय सांगणार, कपाळ? मी म्हणायचे, “गिटार होती.” ते विचारायचे, “किती होत्या?” मी म्हणायचे, “एक.” ते म्हणायचे, “परत लाव.” परत ऐकल्यावर मला दोन ऐकू यायच्या, एक उजव्या स्पीकरमधून धावणारी, एक डाव्या बाजूने रेंगाळणारी, आणि भाऊ लुंगीवर हात आपटून हसायचे. मेधाताई म्हणता म्हणता ते कधी मेधा म्हणायला लागले आणि कधी अहोचं अगं झालं, मला आठवत नाही.

एक रविवार मात्र नीट आठवतो. तो तिसऱ्यांचा, त्या दिवशी वहिनींनी शिंपल्यांचं कालवण केलं होतं. अल्बम एका एकट्या माणसाचा होता. त्याची आई वारली, आणि त्याने तिच्या रिकाम्या स्वयंपाकघरात बसून सगळी गाणी रेकॉर्ड केली. हे भाऊंनी मला आधी सांगितलं नव्हतं. सांगायचे नाहीत ते, आधी ऐक म्हणायचे. मी ऐकत होते. तिसऱ्या-चौथ्या गाण्यात तो गायचा थांबला, गिटार थांबली, आणि मागे एक बारीक घरघर तेवढी चालू राहिली. आणि मला काय झालं कोण जाणे, मी हमसून रडायला लागले. आई गेल्यापासून रडले नव्हते. खोली विकताना नाही, सामान हलवताना नाही. सगळे म्हणायचे मेधा किती खंबीर.

भाऊ उठले नाहीत, पाणी आणलं नाही, समजूत घातली नाही. अल्बम संपेपर्यंत थांबले आणि नेहमीसारखं विचारलं, “काय ऐकलंस ते सांग.”

मी म्हटलं, “फ्रिज. त्याच्या आईचा फ्रिज चालू होता.”

“बरोबर,” ते म्हणाले. “अजून?”

मग मी आईबद्दल बोलायला लागले. तिच्या फ्रिजबद्दल, त्यात ती ठेवायची त्या विरजणाबद्दल, शेवटच्या दिवसांत ती माझ्या नावाने कशी हाका मारायची त्याबद्दल. जेवणाची वेळ टळून गेली तरी ते दोघं ऐकत होते. माणसाला कोणी असं ऐकावं यासारखं सुख नाही. ते मला त्या घरात मिळालं आणि त्याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. फिरवून फिरवून कशाला सांगू.

भाऊ अगदीच संतमहात्मा होते असं समजू नका. एक नंबरचे छुपे रुस्तम. त्या बांगड्याच्या अल्बममधली एक हळवी चाल त्यांना इतकी आवडली की विसर्जनाच्या मिरवणुकीत, नाक्यावर गर्दीने गाडी अडली असताना, त्यांनी ती बेंजोवर संथ लयीत सुरू केली. मला वाटलं आता लोक दगड मारणार. पण खाली ताशेवाल्याने ठेका धरला, चार बायका पदर खोचून पुढे आल्या आणि हात वर करून नाचायला लागल्या. एक कार्यकर्ता गाडीवर चढून विचारायला लागला, “भाऊ, हे कुठलं गाणं? आमची आजी गायची असं वाटतं.” भाऊ शांतपणे म्हणाले, “लांबच्या बंदरावरचं आहे.” तेवढ्याने त्याचं समाधान झालं. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका बेंजो पार्टीने तीच चाल उचलली, आणि आता काळाचौकीत दोन पार्ट्या हे कोळीगीत मूळ आपलं म्हणून भांडतात. त्या तीन मुलींना याचा पत्ता नाही. मी एकदा म्हटलं, “भाऊ, सांगून टाका ना खरं.” तर म्हणाले, “कशाला? पोरींची चाल आता काळाचौकीची झाली. याहून मोठा मान कुठला?”

आता त्या अँटॉप हिलच्या पोरांबद्दल. त्यांचा कार्यक्रम वरळीच्या बाजूला, एका बंद पडलेल्या गिरणीच्या आवारातल्या क्लबमध्ये होता, रविवारी संध्याकाळी. भाऊ इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून निघाले, वहिनी डबाभर घावणे घेऊन निघाल्या, कारण त्यांचं म्हणणं, पोरं उपाशीपोटी वाजवतात म्हणून गाणी अशी रडकी होतात. दारावरच्या गार्डने डबा अडवला. बाहेरचं खाणं चालणार नाही म्हणाला. वहिनींनी डबा उघडून त्याच्या नाकाखाली धरला आणि विचारलं, “तू जेवलंस?” दोन घावणे खाऊन झाल्यावर त्या माणसाने डबा तपासल्याचं जाहीर केलं.

आत सगळी विशी-पंचविशीची गर्दी उड्या मारत होती आणि सगळ्यात पुढे, स्पीकरला जवळजवळ नाक लावून, भाऊ डोळे मिटून खांबासारखे उभे. कार्यक्रम संपल्यावर पोरं त्यांच्याभोवती जमली. कुठून आलात, कसं वाटलं, अंकल? भाऊंनी कोणालाही मस्त म्हटलं नाही. ड्रम वाजवणाऱ्या ओंकार नावाच्या पोराकडे बघून म्हणाले, “तिसऱ्या गाण्यात तुझा पाय मधेच घाबरला. का?” ओंकारने तोंडाला लावलेली पाण्याची बाटली खाली घेतली. मग म्हणाला, “घाबरलो नव्हतो अंकल. शिंक येत होती. दाबली.” भाऊ एवढे हसले की त्यांना ठसका लागला. “मग द्यायची ना,” म्हणाले. “शिंक दाबून कोणी वाजवतं का? गाण्यात आली असती तर गाणं जिवंत झालं असतं.” पोरांनी तिथेच उभ्याने घावणे संपवले.

बाहेर आवारात एका कट्ट्यावर आम्ही जरा टेकलो. भाऊ क्लबच्या भिंतीकडे बघत होते. म्हणाले, “इथेच बाबा साच्यांवर होते, मागांवर. विणाई खात्यात.” आणि मग, मी काही न विचारता, त्यांनी सांगितलं. साच्यांच्या खडखडाटात त्यांच्या वडिलांचे कान तरुणपणीच गेले. पण गाण्याचं वेड जाईना. संध्याकाळी घरी रेडिओ लावायचे, स्वतः समोर बसायचे आणि रघूला शेजारी बसवायचे. रघूने ऐकायचं आणि तोंडासमोर तोंड आणून, ओठ मोठे हलवून बाबांना सांगायचं. रघू पोरवयात कंटाळायचा, म्हणायचा, छान आहे बाबा. तर बाबा भडकायचे. “छान मला ऐकू येतं काय? काय ऐकलंस ते सांग.”

मी वहिनींकडे बघितलं. त्यांना हे ठाऊक असणारच, पण त्यासुद्धा डब्याचं झाकण हातात धरून ऐकत होत्या. मला तेव्हा समजलं की दर रविवारी त्या घरात आम्हाला कोण प्रश्न विचारतं.

त्यानंतरच्या वर्षी भाऊंनी एक नवीनच सिद्धांत काढला. म्हणायला लागले, “हल्ली ही पोरं झांजा वाजवेनाशी झालीत. ऐक, सगळं दबकं, गोधडीखालून आल्यासारखं. जग दमलंय गं, त्याचा आवाज आहे हा.” दर नव्या अल्बमला हेच. नीट पटवून द्यायचे, इतकं की मला क्षणभर खरं वाटायचं. फक्त मला झांजा ऐकू येत होत्या. ड्रमवरच्या त्या पितळी चकत्यांचा चुरचुरीत आवाज अगदी स्पष्ट येत होता, आणि येणारच, कारण तो ऐकायला मला याच माणसाने शिकवलं होतं. आणखीही गोष्टी होत्या. कुकरची शिट्टी झाली तरी ते मान वळवायचे नाहीत. दाराची बेल वाजली की वहिनी मुकाट्याने उठायच्या.

मग त्या तीन मुलींचा नवा अल्बम आला. भाऊंनी महिनाभर वाट बघितली होती. वहिनींनी मुद्दाम पुन्हा बांगडे आणले. अल्बम संपला. भाऊ मागे रेलून म्हणाले, “शहाण्या मुली. बघ, अख्ख्या अल्बममध्ये एकदासुद्धा झांज नाही. काय ऐकलंस ते सांग.”

स्वयंपाकघरातली खुडबुड थांबली. मी दारात उभ्या वहिनींकडे बघितलं. त्यांनी मान हलवली नाही, हो म्हणून नाही की नको म्हणून नाही. मला हवं असतं तर मी गिटारबद्दल बोलू शकले असते. त्या घरात दुसरं काहीही चाललं असतं, खोटं ऐकलेलं कसं चालेल? मी म्हटलं, “भाऊ, झांज आहे. पहिल्या गाण्यापासून आहे. शेवटच्या गाण्यात तर तीच सगळ्यात वर आहे.”

भाऊ रेलले होते ते सरळ बसले. मग म्हणाले, “परत लाव.” मी परत लावलं. ते स्पीकरला कान लावून बसले, आधी उजवा, मग डावा. गाणं संपल्यावर हळूच म्हणाले, “बाबांचं पण असंच सुरू झालं होतं.” आणि जेवायला उठले.

दादरच्या डॉक्टरांनी सांगितलं, वरच्या पट्टीचा आवाज गेलाय, परत येणार नाही, बाकीचाही हळूहळू जाईल. भोंग्यांपुढे एवढी वर्षं काढल्यावर दुसरं काय होणार. कानाला यंत्र आलं. त्याने माणसांचं बोलणं कळायचं, गाणी मात्र पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखी व्हायची. भाऊंनी तक्रार केली नाही. रविवार बंद केला, एवढंच. बेंजो त्यांच्या पार्टीतल्या एका पोराला देऊन टाकला. स्पीकरवर वहिनींनी जुनी साडी टाकली. भाऊ सकाळी पेपर वाचायचे, दुपारी टीव्हीवर खाली अक्षरं येणारे कार्यक्रम बघायचे, मी गेले की हसून “ये” म्हणायचे. त्या “ये”मध्ये काही नव्हतं. मला ते बघवत नसे.

दोन-तीन महिने असेच गेले. त्याच सुमारास गावाकडचं घर दुरुस्त झालं आणि दोघांनी तिकडे राहायला जायचं ठरवलं. जायच्या आधीच्या आठवड्यात वहिनी माझ्या दारात आल्या. आत येईनात. “ह्यांचो रविवार जायना झालो गो,” म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरले. “गावाक जाऊन हे नुसते बसतले. तू काय तरी कर.”

आता मी काय करणार, डॉक्टर का वैदू? रात्री पडल्या पडल्या विचार करत होते आणि मग उठून बसले. अगं बावळट, मी स्वतःला म्हटलं, तुला काय शिकवलंय इतकी वर्षं?

रविवारी सकाळी मी त्यांच्या दारात उभी राहिले. भाऊंनी दार उघडलं. मी त्यांच्या तोंडासमोर उभी राहून, ओठ नीट हलवून म्हटलं, “चपला काढते, बसते. गाणं संपल्यावर भांडू.”

ते ओशाळं हसले. “काय उपयोग गं आता.”

“तुम्ही ऐकायचंच नाही. ऐकणार मी आहे. तुम्ही विचारायचं.”

मी स्पीकरवरची साडी काढली. अँटॉप हिलच्या पोरांचा नवा अल्बम त्याच आठवड्यात आला होता. भाऊ स्पीकरजवळ आले. मग स्टूल ओढून स्पीकरशेजारी बसले आणि त्याच्या लाकडी खोक्यावर तळहात टेकवला. मी समोर बसले. सुरू केलं.

पहिलं गाणं मी धडपडत सांगितलं. नुसता ढोल त्यांना तळहातात कळत होता, बाकीचं मी. दुसऱ्यापासून जमायला लागलं. “दोन गिटार आहेत. उजवीकडची घाईत आहे. डावीकडची तिला थांब म्हणतेय. आता गाणारा आला, घसा बसलेला आहे, सर्दी झाल्यासारखा. झांज अगदी बारीक, बोटाच्या नखाने वाजवल्यासारखी.” भाऊंची नजर माझ्या ओठांवरून हलत नव्हती. मधेच विचारायचे, “झांज अजून आहे?” मी म्हणायचे, “आहे.” चौथ्या गाण्याला ते पुढे सरकून बसले, घर कसं आहे ते बघायला. त्यात ढोल एका जागी थांबतो, सगळंच थांबतं. भाऊंना ते हातात कळलं. त्यांनी भुवया उंचावल्या. “काय झालं? काय ऐकलंस?”

मला हसू आवरेना. मी म्हटलं, “भाऊ, कोणीतरी शिंकलं.”

“काय?”

“शिंकलं. अगदी जोरात. आणि मागे पोरं हसतायत, आणि ढोल परत सुरू झाला.”

भाऊंना एक क्षण लागला. मग ते त्या क्लबमधल्या संध्याकाळसारखे हसले, ठसका लागेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, एक हात स्पीकरवर तसाच ठेवून. या वेळी ओंकारने शिंक दाबली नव्हती. अल्बममध्ये ठेवली होती, सगळ्या जगाला ऐकायला. भाऊंनी डोळे पुसले, मान हलवली आणि म्हणाले, “मस्त.”

स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, “मस्त म्हणालात.” भाऊंना तो ऐकू आला नसणार. मी तोंडासमोर बोट नाचवून त्यांना सांगितलं.

आता ते गावी असतात. फोनवर बोलणं त्यांना कळत नाही, म्हणून दर रविवारी मी एक अल्बम ऐकते आणि काय ऐकलं ते त्यांना मेसेजमध्ये लिहून पाठवते. तिकडून वहिनींच्या बोटाने एकच उत्तर येतं, त्या दिवशी काय शिजलंय ते, म्हणजे त्याचं नाव ठरतं. पण भाऊ म्हटलं की मला दिसतात ते त्याच रविवारचे. अल्बम शेवटपर्यंत ऐकला, एकही गाणं गाळलं नाही. मग ते उठले, लुंगी खोचली, स्वयंपाकघरात जाऊन विळी घेतली, जमिनीवर मांडली आणि वहिनींनी पुढे केलेली नारळाची वाटी हातात घेऊन खवायला बसले. मी दारात उभी होते. खवताना त्यांचा हात चौथ्या गाण्याच्या लयीत चालला होता, आणि जिथे शिंक येते तिथे थोडा थांबत होता. त्या दिवशी सोलकढी जरा उशिरा झाली.